गारपिटीने चेपलेली गाडी : विम्याचा पैसा पत्र्यावर की शेतात?

फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये मराठवाडा, विदर्भ व उत्तर महाराष्ट्राला गारपिटीने झोडपले, तेव्हा गावोगाव चर्चा होती ती गहू, हरभरा, द्राक्ष आणि कांद्याच्या पंचनाम्याची. अंगणातल्या गाडीचा टप चेपला, काच फुटली, तो विषय वेगळाच राहिला. आता वस्तीवरही चारचाकी दिसते, म्हणून हा हिशेब शेतकरी बंधूंनी समजून घेतला पाहिजे.

नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर गारांच्या नुकसानीचा एक पैसाही मिळत नाही. ‘फुल विमा’ असेल तरच भरपाई मिळते. कंपनी दुरुस्ती करून देऊ शकते किंवा रोख रक्कमही देऊ शकते. मात्र निवड कंपनीची असते. गाडीवर बँकेचा बोजा असल्यास रोख रकमेवर आधी बँकेचा हक्क येतो.

रोख हातात आली की खरा प्रश्न उभा राहतो. पीक गेलेले, दुकानदाराची खताची उधारी थकलेली. अशा वेळी ‘पत्र्याला काय धाड भरली, गाडी चालतीय की’ असे घरोघर म्हटले जाते. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच.

काच तडकली, दिवे फुटले, तर दुरुस्ती टाळू नये. तो जिवाशी खेळ आहे. पत्रा चेपला आणि रंगही उडाला, तर पावसाळ्यात तिथेच गंज धरतो. निदान तेवढी जागा घासून रंग मारून घ्यावा. रंग शाबूत असून नुसते पोचे आले असतील, तर गाडी तशीच वापरायला हरकत नाही. ते पैसे बियाण्याला, औषधाला लावले तर चुकले असे म्हणता येणार नाही.

मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पुढे त्याच पत्र्याला मार लागला, तर सर्व्हेअर जुने पोचे वजा करूनच रक्कम ठरवतो. आणि गाडी विकताना गिऱ्हाईक पोचे मोजूनच भाव पाडते. वर्ष-दोन वर्षांत विकायची असेल तर दुरुस्ती बरी. मोडेपर्यंत वापरायची असेल तर पोचे परवडतात.

ज्यांनी अजून क्लेम केलेला नाही, त्यांनी आणखी एक आकडेमोड करावी. ओळीने पाच वर्षे क्लेम नसेल तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्के सूट मिळते. एक क्लेम केला की ती शून्यावर येते. मग वर्षागणिक २०, २५, ३५, ४५ अशी चढत पुन्हा ५० होते. हा हप्ता सूट धरण्याआधी ८,००० रुपये आहे आणि तेवढाच राहिला असे धरले, तर पाच वर्षांत मिळून १०,००० रुपये जादा जातात. सूट टिकवण्याचे जादा संरक्षण घेतले असेल तर गोष्ट वेगळी.

म्हणजे पाच-सहा हजारांच्या पोच्यांसाठी क्लेम केला, तर मिळाल्यापेक्षा गेले जास्त. फॉर्मवर सही करण्याआधी गॅरेजचा अंदाज आणि विम्याचा कागद शेजारी ठेवून बघावा.