आवाजांची खतावणी

जात्यावरच्या ओव्या आता कानांवर पडत नाहीत. गावोगावी पिठाची गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले. तरीही एक लाखाहून अधिक ओव्या आज शाबूत आहेत, याचे श्रेय पुण्याच्या हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांना आणि खेड्यापाड्यांतल्या त्यांच्या सहकाऱ्यांना आहे. पुढे संगीत आणि संगणक दोन्ही जाणणारे बर्नार्ड बेल त्यांना येऊन मिळाले आणि नव्वदच्या दशकात ध्वनिमुद्रणही झाले. ओवी कोणी गायिली, कोणत्या गावची, विषय कोणता, असे त्यांचे खाते मांडले गेले. पॉइटवाँ २००४ मध्ये गेले, राईरकर २०१० मध्ये. पण नोंदी नीट होत्या, म्हणून २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया'ला त्या ओव्या लोकांपर्यंत नेता आल्या.

हे सांगण्याचे कारण असे. आपल्या शहरातल्या एका लहानशा संस्थेकडे चार कपाटे भरून कॅसेट पडून आहेत. हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या सैनिकांच्या आठवणी, भारुडे, व्याख्याने आणि थोड्या व्हिडिओ कॅसेटही. (व्हीसीआर बनवणारा शेवटचा जपानी कारखानासुद्धा २०१६ मध्ये थांबला, तेव्हा घाई करणे भागच आहे.) हा संग्रह संगणकावर आणायचा ठरले आणि सॉफ्टवेअर निवडण्यासाठी समिती नेमली गेली. निवृत्त बँकवाल्याला हिशेब आणि संगणक दोन्ही कळतात असा समज असल्यामुळे तीत माझीही वर्णी लागली.

विक्रेते आले, पडद्यावर रंगीत चित्रे दाखवून गेले. त्यांतल्या एकाचे सॉफ्टवेअर मुळात ग्रंथालयाचे होते. एका पुस्तकाला एक क्रमांक, एक लेखक, एक कपाट. पण कॅसेटच्या एका बाजूला भारूड आणि दुसऱ्या बाजूला भलत्याच माणसाची मुलाखत असली तर? चित्रपटाचे तर आणखी अवघड. प्रभातचा 'कुंकू' आणि 'दुनिया न माने' हे १९३७ चे एकच चित्र म्हणायचे की दोन? फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये काढला आणि १९१७ मध्ये पुन्हा काढला. आज उरलेली रिळे यांतल्या कोणत्या, यावर अभ्यासकांत वाद आहेत. म्हणून जगभरच्या फिल्म संग्रहालयांनी मिळून नियम केले आहेत. मूळ कृती वेगळी, तिची आवृत्ती वेगळी आणि हातात धरता येतो तो डबा वेगळा, अशा पायऱ्या त्यांत आहेत. या पायऱ्या ज्याला ठाऊक नाहीत ते सॉफ्टवेअर कितीही देखणे असले तरी आपल्या कामाचे नाही.

दुसरी गोष्ट नावांची. १९८५ च्या कॅसेटवर 'औरंगाबाद' लिहिलेले असणार. शोधणारा विद्यार्थी 'छत्रपती संभाजीनगर' टाइप करणार, कारण २०२३ पासून तेच नाव आहे. जुन्या सैनिकांच्या तोंडी अंबाजोगाईचे 'मोमिनाबाद' येते. कॅसेटवर आहे ते तसेच ठेवायचे आणि शोध मात्र दोन्ही नावांनी लागला पाहिजे. माणसांचेही तेच. दत्तात्रय, दत्तात्रेय, दत्तोबा एकच असू शकतात. मराठीत शोधून दाखवा म्हटल्यावर दोन विक्रेत्यांनी 'पुढच्या आवृत्तीत' असे सांगितले.

पण माझ्या दृष्टीने कळीचा प्रश्न बाहेर पडण्याचा आहे. लेजर गेले, खातेनोंदीची यंत्रे आली, तीही गेली, कोअर बँकिंग आले, हे सगळे मी नोकरीत पाहिले. यंत्र बदलले की खातेदाराची शिल्लक पैशापर्यंत जुळवून पुढे न्यावी लागे. संग्रहाचेही असेच आहे. आज घेतलेले सॉफ्टवेअर पंधरा-वीस वर्षांत जुने होईल, कंपनी कदाचित नसेलही. त्या दिवशी सगळ्या नोंदी साध्या, कोणालाही उघडता येतील अशा तक्त्यांत, युनिकोड मराठीत बाहेर काढून मिळतील काय? हे करारात लिहून हवे. नव्वदीत टाइप केलेल्या माझ्या एका कादंबरीची फ्लॉपी घरात आहे. यंत्र मिळाले तरी तो फाँट मिळत नाही, त्यामुळे पडद्यावर नुसती चिन्हे उमटतात.

खुले, विनापरवाना-शुल्काचे पर्याय आहेत. 'कलेक्टिव्हॲक्सेस' त्यांतले एक. पुण्याच्या सी-डॅकने संग्रहालयांसाठी 'जतन' बनवले, ते देशातल्या राष्ट्रीय संग्रहालयांत वापरात आले. समितीने दोन्ही पाहावीत असे मी सुचवले आहे. फुकटाला माणूस लागतो हे मात्र विसरू नये. सर्व्हर सांभाळणाऱ्याचा पगार खर्चात धरलाच पाहिजे.

आणि मेळ. बँकेत संध्याकाळी वहीतली शिल्लक आणि तिजोरीतली रोकड जुळल्याशिवाय कोणी घरी जात नसे. पुण्याचे राष्ट्रीय फिल्म संग्रहालय (१९६४) पी. के. नायर यांनी जिद्दीने उभारले. पुढे तिथे डब्यांवर बारकोड लावताना रजिस्टर आणि प्रत्यक्ष यांत तफावत असल्याच्या बातम्या आल्या. रिळे हरवल्याचे संग्रहालयाने नाकारले. खरे-खोटे काहीही असो, ज्या सॉफ्टवेअरात कॅसेट कोणी, कधी नेली, कधी परत आली, तिला बुरशी लागली आहे काय, हे दिसत नाही, त्यात असा गोंधळ होणारच.

एक नाजूक रकाना राहतोच. कोणी बाई सासरच्या दुःखाची ओवी ओळखीच्या माणसासमोर गायली, ती साऱ्या जगाने ऐकावी असे तिला वाटले होते काय? परवानगीची नोंद असावी आणि 'फक्त संस्थेत येऊन ऐकावे' असे म्हणण्याची सोयही असावी.

तेव्हा मी समितीला म्हटले, आधी पन्नास कॅसेट निवडा. त्यांची वही हाताने करा. मग प्रत्येक विक्रेत्याला तीच वही भरून दाखवायला सांगा. कॅसेटवरचे बरेचसे आवाज नुसते ऐकून ओळखणारे एक गृहस्थ आता नव्वदीला टेकले आहेत. सॉफ्टवेअरचे ठरेल तेव्हा ठरेल, त्यांच्यासमोर टेपरेकॉर्डर आणि वही घेऊन बसायला पुढच्या सोमवारपासून सुरुवात आहे.