ओसरीतलं प्रदर्शन



मागच्या दिवाळीत आम्ही रामाकोन्याला गेलो, ते खरं तर घर पाडायचं ठरवायला. रामाकोना म्हणजे नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरचं, सौंसरच्या पुढचं आमचं गाव. घर मातीच्या भिंतींचं, सागाच्या खांबांचं, वर कवेलू. दर उन्हाळ्यात कवेलू फेरायला माणूस मिळत नाही आणि पावसाळ्यात चार ठिकाणी बादल्या ठेवाव्या लागतात. आम्हा तिघा भावांचं फोनवरच ठरलं होतं, की पाडू आणि स्लॅबचं बांधू. घरात आत्या एकटी राहते. तिला मी फोनवर म्हणालो, "आत्या, आहे काय त्यात? नुसती माती तर आहे." ती एवढंच म्हणाली, "या मग. बोलू." आणि फोन ठेवला.

गावी जायच्या आधी नागपुरात दोन दिवस हाती होते. माझी मुलगी तेरा वर्षांची, तिचा चुलतभाऊ अकरा वर्षांचा. दोघांचे डोळे मोबाईलमध्ये. म्हणून जुन्या इमारती दाखवणाऱ्या एका वारसा फेरीत आम्ही नावं नोंदवली. मला वाटलं होतं, पोरं तासाभरात कंटाळतील.

सुरुवात झाली झिरो माईलपासून. नागपूरच्या माणसाला हे चार घोड्यांचं ठिकाण पाठ असतं, पण तो उभा दगड आपण जवळ जाऊन वाचतो का? दाखवणाऱ्या ताईंनी आम्हाला वाचायला लावला. हा देशाचा मध्यबिंदू, असं सगळेच सांगतात. पण मुळात ती सर्वेक्षण खात्याची १९०७ सालची खूण आहे. समुद्रसपाटीपासूनची उंची तिथे १०२०.१७१ फूट अशी नोंदली आहे. शेजारच्या षटकोनी खांबावर गावांची नावं आणि मैलांत अंतरं. मुलगी त्याभोवती फिरत होती, ती एकदम ओरडली, "बाबा, छिंदवाडा!"

छिंदवाडा, ८३ मैल. तिला प्रश्न पडला, की छिंदवाडा मध्य प्रदेशात, मग नागपूरच्या खांबावर त्याचं नाव कशाला?

त्याचं उत्तर पुढच्या थांब्यावर मिळालं. उच्च न्यायालयाची ती भव्य दगडी इमारत हेन्री मेड या वास्तुविशारदाची. दिल्लीत काम केलेला माणूस. १९३७ मध्ये पायाभरणी झाली आणि १९४० मध्ये इमारत सुरू झाली. ती बांधली तेव्हा नागपूर ही मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होती आणि छिंदवाडा त्याच प्रांतात होता. म्हणजे माझ्या आजोबांचं जमिनीचं भांडण अपिलात गेलं असतं, तर याच पायऱ्या चढावं लागलं असतं. १ नोव्हेंबर १९५६ ला प्रांत मोडले. विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा नव्या मध्य प्रदेशात राहिला. आमची राजधानी भोपाळ झाली, न्यायालय जबलपूर झालं. रेष आली सावनेर आणि सौंसर यांच्या मधून. घरातली बोली काही त्या रेषेनं बदलली नाही. संत्र्याच्या गाड्याही नागपूरलाच जात राहिल्या.

मग महालात गेलो. तिथे ताईंनी सांगितलं, की हे शहर १७०२ मध्ये वसवलं ते देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंद शाहनं. बारा लहान वस्त्या एकत्र करून. त्याच्या मुलानं, चांद सुलतानानं, शहराला तट घातला. आज ज्याला आपण गांधी गेट म्हणतो तो त्याच तटाचा जुम्मा दरवाजा. आणि देवगड कुठे? छिंदवाडा जिल्ह्यात, मोहखेडजवळच्या डोंगरात. पुतण्या म्हणाला, "म्हणजे काका, नागपूर आपल्याकडच्या माणसानं वसवलं?" त्या क्षणी त्याचा मोबाईल खिशात गेला आणि तो ताईंच्या शेजारून चालायला लागला.

महालातल्या एका जुन्या वाड्याच्या दारात ताई थांबल्या. म्हणाल्या, "इमारत बघताना तीन प्रश्न विचारायचे. कोणी बांधलं? कशाचं बांधलं? पाणी कुठून यायचं?" मग त्यांनी लाकडी खांबाकडे बोट केलं. खाली दगडाचा तळखडा, म्हणजे खांबाला ओल आणि वाळवी लागत नाही. वर तुळई पेलणारा नक्षीचा हात. आणि खांबाच्या मध्यावर एक चौकोनी खाच, जिच्यात काहीच बसवलेलं नव्हतं. "ही खाच इथल्या कामाची नाही," त्या म्हणाल्या. "हे लाकूड आधी दुसऱ्या कुठल्या तरी घरात होतं."

दुसऱ्या दिवशी मोतीबागेतलं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय पाहिलं. हे २००२ च्या डिसेंबरात सुरू झालं. नागपूर-छिंदवाडा ही छोटी गाडी माझ्या लहानपणाचा अर्धा भाग होती. रुळांमधलं अंतर फक्त ७६२ मिलिमीटर. २०१५ च्या अखेरीस ती बंद झाली आणि तिच्या जागी १६७६ मिलिमीटरचा मोठा रूळ आला. गाडी आता वेगानं जाते, तक्रार काही नाही. पण काचेआडचे कंदील, हिरवी-लाल निशाणं आणि पुठ्ठ्याची तिकिटं बघताना माझ्या लक्षात आलं, की मी सांगतोय आणि पोरं ऐकतायत. एरवी उलटं असतं. ती दाखवतात, मी "हं" म्हणतो.

इतवारीहून गाडीनं रामाकोन्याला उतरलो. घरी पोहोचून हातपाय धुतले आणि मुलगी आत्याला म्हणाली, "आत्याआजी, तुमच्या घराची फेरी कोण घडवतं?"

आत्या हसली. "माह्या घराची कायची फेरी? शेणामातीचं घर."

मी खाली बघितलं.

पण पोरीनं तिचे तीन प्रश्न काढलेच. कोणी बांधलं? आत्याच्या आजोबांनी, गावातल्याच सुताराला हाताशी धरून. कशाचं बांधलं? आत्या सांगायला लागली. मातीत कुटार कालवायचं, पाणी सोडून आठ-आठ दिवस तुडवायचं, मग हातभर थर द्यायचा. तो वाळला की पुढचा थर. म्हणून भिंत दोन फूट जाड. म्हणून मे महिन्यात माजघरात पंख्याशिवाय झोप लागते. आतल्या खोलीचं दार एवढं बुटकं कशाला? "थंडीत ऊब आत राहावं म्हनून. अन् चोर आला तरी वाकूनच यावा." पाणी कुठून यायचं? सांदवाडीतली विहीर नंतरची. त्याआधी उन्हाळ्यात बाया कन्हान नदीच्या वाळूत झिरा उकरून वाटीवाटीनं घागर भरायच्या. आत्यानं ते पाणी डोक्यावरून आणलेलं आहे. मी पन्नाशीला आलो, मला हे माहीत नव्हतं. कारण मी कधी विचारलंच नव्हतं.

दोन्ही पोरं टेप घेऊन घर मोजायला लागली. ढेलज, छपरी, ओसरी, माजघर, देवघर, सांदवाडी. वहीच्या चौकटीच्या कागदावर एक चौकट म्हणजे एक फूट. संध्याकाळी पुतण्या ओसरीतून ओरडला, "काका, खाच!"

ओसरीच्या आठ खांबांपैकी चारांवर, कमरेच्या उंचीवर, अगदी महालातल्यासारख्या रिकाम्या चौकोनी खाचा होत्या. मी या खांबांना धरून चालायला शिकलो. त्यांच्याभोवती लपाछपी खेळलो. त्या खाचांत गोट्या लपवल्या. ती खाच तिथे का आहे, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

आत्या म्हणाली, "हे खांब पहिल्या घराचे व्हय. नदीकडं जुनं घर होतं, पुरात भित्ती बसल्या. बापानं सांगतलं होतं मले. खांब तेवढे बैलगाडीत घालून इकडं आनले."

रात्री आम्ही भावांनी पुन्हा बोलणं केलं. घर ठेवावं, असा भावनेच्या भरात निर्णय नाही घेतला. एका बाजूची भिंत खरंच फुगली आहे आणि आत्यानं पडत्या घरात राहावं असं म्हणणं हा आपल्या हौसेसाठी तिचा जीव टांगणं होईल. घर उतरवायचंच ठरलं. पण शब्द बदलला. 'पाडायचं' नाही, 'उतरवायचं'. आमच्या पणजोबांनीही घर सोडलं होतं, पण टाकून दिलं नव्हतं. त्यांनी जे केलं तेच आपण करू. आठही खांब तळखड्यांसह काढून ठेवायचे आणि नव्या घराला आधी ओसरी काढायची.

निघायच्या आदल्या दिवशी पोरांनी त्याच ओसरीत प्रदर्शन मांडलं. खांबाखांबांना सुतळी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी घराचा नकाशा, भिंतीच्या थरांचं चित्र आणि आत्याकडचे जुने फोटो टांगले. खाली पाटावर कवेलू, अडकित्ता, पायली. गावात बातमी पसरायला किती वेळ लागतो? संध्याकाळपर्यंत पंचवीस-तीस माणसं येऊन गेली. कोणी छोट्या गाडीचं पुठ्ठ्याचं तिकीट आणून पाटावर ठेवलं, कोणी नांगराचा फाळ. पलीकडचे एक आजोबा बराच वेळ नकाशासमोर उभे होते. मग मुलीला म्हणाले, "पोरी, आमच्याही घरी ये. पुढच्या साली तेही पाडून राहिले पोट्टे. नाप घेऊन ठेव."

आणि आत्या प्रत्येकाला हात धरून खांबापाशी नेत होती, खाच दाखवत होती.

रात्री मी तिला म्हणालो, "आत्या, फोनवर मी चुकीचं बोललो. नुसती माती नव्हती."

ती म्हणाली, "माती तं होतीच रे. पन कोनी तुडवली, ते तुले मालूम नव्हतं."

मंडळी, शहरं बघायची ही रीत आता जगभर रुजली आहे. लंडनमध्ये १९९२ पासून 'ओपन हाउस' भरतं, तेव्हा एरवी बंद असलेल्या इमारतींची दारं लोकांसाठी उघडतात. अहमदाबादेत १९९७ मध्ये महापालिकेनं पोळांमधून वारसा फेरी सुरू केली आणि २०१७ मध्ये ते शहर युनेस्कोच्या यादीत गेलं. मुंबईत ओव्हल मैदानाच्या एका बाजूच्या गॉथिक आणि दुसऱ्या बाजूच्या आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये तोच मान मिळाला. आपण जिथे राहतो तिथेही अशा फेऱ्या आणि प्रदर्शनं होत असतात. मुलांना घेऊन जरूर जा. पण ती शेवटची पायरी समजू नका. तिथे डोळे तयार होतात. वापरायचे ते घरी.

तेव्हा पुढच्या सुट्टीत गावी गेलात, तर एक टेप, चौकटीची वही आणि एक पेन्सिल सोबत न्या. घर मोजा, उत्तर दिशा दाखवा, खोल्यांना घरात जी नावं आहेत तीच लिहा. जुन्या फोटोंच्या मागे माणसांची नावं लिहून घ्या, ती सांगणारं माणूस आहे तोवर. आणि मोठ्यांना ते तीन प्रश्न विचारा. घर राहील की नाही हे आपल्या हाती असेलच असं नाही. कोणी बांधलं, कशाचं बांधलं आणि पाणी कुठून यायचं, हे विचारणं मात्र आपल्या हाती आहे.

आमचं घर मार्चमध्ये उतरवलं. खांब सध्या शेजाऱ्यांच्या गोठ्यात ताडपत्रीखाली आहेत. पायाचं काम सुरू झालंय आणि आत्या रोज संध्याकाळी जाऊन गवंड्याला सांगते, "वसरीचं माप त्या पोरीच्या कागदावरून घेजो."