आश्रयदात्याचे प्रेम आणि क्लबचा ताळेबंद

२२ मे २०१० रोजी माद्रिद येथे इंटर मिलान या फुटबॉल संघाने बायर्न म्यूनिकवर २-० अशी मात करून युरोपचे अजिंक्यपद मिळविले. इटलीतील लीग आणि राष्ट्रीय चषक त्याने त्याच महिन्यात जिंकले होते. एका मोसमात ही तिन्ही विजेतेपदे मिळविणारा तो पहिलाच इटालियन क्लब ठरला. त्यानंतर बरोबर चौदा वर्षांनी, २२ मे २०२४ रोजी, हाच क्लब ओकट्री या अमेरिकन गुंतवणूक संस्थेच्या ताब्यात गेला. चिनी मालकांनी क्लबचे समभाग तारण ठेवून काढलेले कर्ज मुदतीत फेडले नव्हते, एवढेच त्याचे कारण. विशेष म्हणजे महिनाभरापूर्वीच इंटरने आपले विसावे लीग-विजेतेपद पटकाविले होते. मैदानावर यशस्वी असलेली संस्था तारणाची वस्तू होऊन हातोहाती का फिरावी? या प्रश्नाचे उत्तर मिलानच्या मोराट्टी घराण्याच्या इतिहासात शोधावे लागते.

तेलाच्या धंद्यात धन मिळविलेले आंजेलो मोराट्टी १९५५ मध्ये इंटरचे अध्यक्ष झाले. १९६२ मध्ये त्यांनी सार्डिनिया बेटावर, काल्यारीनजीकच्या सारोक या गावी, ‘सारास’ हा तेलशुद्धीकरण कारखाना स्थापन केला. हेलेनिओ हेरेरा यांच्यासारखा प्रशिक्षक आणि बार्सिलोनाकडून विक्रमी रक्कम देऊन आणलेला लुई सुआरेझ यांच्या जोरावर इंटरने १९६४ व १९६५ असा लागोपाठ दोनदा युरोपीय चषक जिंकला. मात्र १९६७ मध्ये लिस्बन येथे याच संघाला सेल्टिकने हरविले, आणि सेल्टिकचे सारे खेळाडू ग्लासगोच्या तीस मैलांच्या परिसरात जन्मलेले होते. पुढच्याच वर्षी आंजेलो मोराट्टी अध्यक्षपदावरून दूर झाले.

सत्तावीस वर्षांनी, १९९५ मध्ये, त्यांचे चिरंजीव मास्सिमो यांनी क्लब पुन्हा विकत घेतला. १९९७ मध्ये ब्राझीलच्या रोनाल्डोसाठी आणि १९९९ मध्ये ख्रिस्तियन विएरीसाठी त्यांनी जागतिक विक्रमाची किंमत मोजली. एवढे करूनही पहिले लीग-विजेतेपद मिळण्यास २००६ साल उजाडावे लागले, आणि तेही जुव्हेंटसवरील कारवाईनंतर महासंघाने बहाल केलेले. क्लबची तूट या काळात मालकाच्या खिशातून भरली जात होती. मोराट्टींचे संघावरील प्रेम अस्सल होते, याविषयी त्यांच्या टीकाकारांनाही शंका नाही. पण अर्थशास्त्राच्या दृष्टीने अडचण नेमकी तेथेच आहे. तोटा सोसणारा कोणी आहे असे एकदा ठरले, की उत्पन्नानुसार खर्च करण्याची सवय संस्थेला लागत नाही. पुरस्कर्त्याचे औदार्य हेच तिचे भांडवल बनते; आणि औदार्य ताळेबंदात मांडता येत नाही.

आपल्या पैशाचा विनियोग कसा करावा हा मालकाचा प्रश्न आहे, विलासनौकेपेक्षा फुटबॉल केव्हाही बरा, असे समर्थन यावर केले जाते. त्यात तथ्य नाही असे नाही. तरीही धन कोठून येते हा प्रश्न उरतोच. धूर, टाक्या आणि जोखीम सारोकच्या वाट्याला, गोल आणि जल्लोष मिलानच्या वाट्याला, अशी ही विभागणी होती. माद्रिदच्या विजयापूर्वी वर्षभर, २६ मे २००९ रोजी, त्या कारखान्यात देखभालीच्या कामावर असलेले तीन कंत्राटी कामगार गुदमरून मरण पावले. या दुर्घटनेचा संबंध फुटबॉलशी जोडणे अन्यायाचे होईल. परंतु ज्या उद्योगाच्या नफ्यावर एका शहराचा आनंद उभा होता, त्या उद्योगाची किंमत दुसरेच लोक मोजीत होते, हे विसरणेही तितकेच अन्यायाचे आहे.

शिवाय हा नफा तरी शाश्वत कोठे होता? शुद्धीकरणाचा धंदा कच्चे तेल आणि तयार माल यांच्या किमतींतील फरकावर चालतो आणि तो फरक जगाच्या बाजारात ठरतो. २००६ मध्ये सारासचे समभाग जनतेला ६ युरो दराने विकले गेले. २०२४ मध्ये मोराट्टी घराण्याने आपला हिस्सा व्हिटोल या तेलव्यापारी कंपनीला देण्याचा करार केला, तेव्हा भाव १.७५ युरो ठरला. मधल्या काळात, २०१३ मध्ये, क्लबचा सत्तर टक्के हिस्सा इंडोनेशियन उद्योगपती एरिक थोहिर यांना, तर २०१६ मध्ये क्लबची बहुमताची मालकी चीनच्या सुनिंग उद्योगसमूहाला विकली गेली. हजारो समर्थकांनी पिढ्यान्‌पिढ्या निष्ठा वाहिली, पण यांपैकी एकाही व्यवहारात त्यांचे मत कोणी विचारले नाही. निष्ठेला मताधिकार नव्हता.

याउलट माद्रिदला हरलेल्या बायर्नचे पाहावे. जर्मनीत १९९८ पासून, काही अपवाद वगळता, क्लबमधील बहुमत सभासदांच्याच हाती ठेवण्याचा नियम आहे. बायर्नचे तीन चतुर्थांश भागभांडवल आजही सभासदांच्या संस्थेकडे आहे. आणि मोराट्टींनी इंटर विकला त्याच २०१३ साली बायर्नने तीच तिन्ही विजेतेपदे मिळविली. सभासदांची मालकी म्हणजे शहाणपणाची हमी, असा याचा अर्थ नव्हे. सभासदांचाच असलेला बार्सिलोना क्लब २०२१ मध्ये एक अब्ज युरोंहून अधिक कर्जात बुडालेला होता. परंतु तेथे सभासदांनी सह्या गोळा करून अविश्वासाचा ठराव आणला आणि ऑक्टोबर २०२० मध्ये अध्यक्षांना राजीनामा देणे भाग पडले. आश्रयदात्याला असा जाब विचारण्याची सोय नसते; त्याचे आभार मानता येतात, किंवा तो गेल्यावर हळहळता येते.

मोराट्टी पितापुत्रांनी इंटरला दिले ते थोडेथोडके नव्हते. एक गोष्ट मात्र त्यांना देता आली नाही, आणि ती म्हणजे त्यांच्यावाचून उभे राहण्याची शक्ती. जी संस्था एका माणसाच्या प्रेमावर जगते, ती त्याच्या पश्चात दुसऱ्याच्या हिशेबावर जगू लागते. २२ मे या एकाच तारखेने मिलानकरांना या दोन्ही अवस्था दाखविल्या.