दारू सोडलेल्या नटाने एकदा शिवथरला यावं

प्रति,
अध्यक्ष आणि नियामक मंडळ,
अखिल भारतीय मराठी नाट्य परिषद, मुंबई.



आमच्या शिवथर खोऱ्याचं नाव तुमच्या कानावर असेल ते घळीमुळे. समर्थांनी दासबोध इथे सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो उतरवून घेतला, अशी परंपरा आहे. १९३० साली धुळ्याच्या शंकरराव देवांनी ही घळ पुन्हा उजेडात आणली, तेव्हापासून माणसं इथे येतात, धबधबा बघतात, नमस्कार करतात आणि परत जातात. कसबे, आंबे, कुंभे ही आमची शिवथरं त्यांच्या गाडीच्या काचेतून सरकून जातात.

हे पत्र मात्र दारूबद्दल आहे. आता दारूबद्दलचं पत्र उत्पादन शुल्क खात्याला लिहायचं सोडून नाट्य परिषदेला कशाला, असं वाटेल. खात्याकडे अर्ज करून झालेत आणि पुढेही होतील. बाटली आडवी करायला गावातल्या बायका मतदान करू शकतात, तसा नियमही आहे. पण दुकान बंद करणं आणि माणसाने दारू सोडणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्या कामात तुमच्या हाती जे आहे ते खात्याच्या हाती नाही.

महाड-पोलादपूरच्या गावांत वर्षातून दोनदा माणसं दुप्पट होतात, गणपतीला आणि शिमग्याला. मुंबईहून, सुरतेहून, बडोद्याहून चाकरमानी येतात. येताना मिठाई आणतात, पोरांना कपडे आणतात आणि बाटल्या आणतात. गावात राहणाऱ्यांना बाहेरून कोणी आणून द्यायची गरज नसतेच. भात लावून दमलो म्हणून, पाऊस थांबत नाही म्हणून, पाऊस थांबला म्हणून. आमच्याकडे पाऊसच एवढा की निमित्ताला तोटा नाही.

कोण किती पितो हे वाडीत पोराटोरांनाही ठाऊक असतं. लपून राहतो तो सोडलेला माणूस. महिना, दोन महिने तो कुणाला काही बोलत नाही, कारण बोलला की लोक त्याची परीक्षा घ्यायला बसतात. हळदीच्या रात्री मांडवामागे ग्लास पुढे येतो. ‘एकाने काय होतंय?’ ‘माझ्या पोराच्या लग्नात नाही म्हणतोस?’ ‘बायकोला भ्यायला लागला वाटतं.’ हे बोलणारे त्याचे वैरी नसतात, चुलते-मामे असतात. ग्लास नाकारणं म्हणजे माणसाला नाकारणं असा आमच्याकडचा हिशेब आहे, आणि नुकतीच सोडलेल्या माणसाच्या अंगात एवढं भांडायचं बळ नसतं.

अशा वेळी चालतो असा नकार आमच्या समाजाने फार थोड्यांना दिला आहे. माळकऱ्याला दिला आहे. गळ्यात तुळशीची माळ दिसली की ग्लास आपोआप पुढच्याकडे जातो, कोणी वाद घालत नाही. दुसरा दिला आहे तो बैठकीला जाणाऱ्याला. आमच्याच जिल्ह्यातल्या रेवदंड्याच्या नानासाहेब धर्माधिकारींनी १९४३ साली दासबोधाच्या निरूपणाच्या बैठका सुरू केल्या. त्या बैठकांमुळे रायगडात किती घरांतली दारू सुटली याची मोजदाद कोणी केली असेल-नसेल, पण कुठल्याही गावात विचारा, चार घरं दाखवतील. ‘तो बैठकीला जातो’ एवढं सांगितलं की विषय संपतो. मला यात श्रद्धेइतकंच महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्या माणसाला चारचौघांत सांगण्याजोगं एक कारण मिळतं. त्याच्या वतीने दुसरं कुणीतरी मोठं उभं राहिलेलं असतं.

पण ज्याला माळ घालायची नाही, बैठकीत मन रमत नाही, त्याने काय सांगायचं? ‘डॉक्टरने नको सांगितलंय’ हे एखाद्या लग्नापुरतं चालतं. ‘मला दारूचा आजार आहे, मी एक घेतली की मला थांबता येत नाही’ हे खरं कारण, आणि तेच उच्चारायची सोय नाही. मला म्हणायचं आहे ते एवढंच, की ही सोय नट करून देऊ शकतो. ‘अमक्याने सोडली, भर सभेत सांगितलं, मीही सोडली’ असं आमच्या पोराला मांडवामागे म्हणता आलं पाहिजे. आमच्याकडे पुढाऱ्याचं भाषण ऐकतात, पण नटाचं बोलणं घरी घेऊन जातात. शिमग्याला, जत्रेला अजून नाटक होतं. लालबाग-परळच्या खोल्यांत तालमी करून चाकरमानी ते गावात आणतात. त्यामुळे नट हा आम्हाला परका माणूस नाही.

दारू रंगमंचावर आणायला रंगभूमी कधी लाजली नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग १९१९ साली, त्यांच्या मृत्यूनंतर झाला. सुधाकर वकील, त्याची सनद काही महिन्यांसाठी जाते, अपमान गिळवत नाही आणि तळीराम पहिला प्याला पुढे करतो. शेवटी तान्हं मूल, सिंधू आणि सुधाकर, तिघंही जातात. हे सगळ्यांना पाठ आहे. मधला एक भाग मात्र आपण पटकन ओलांडतो. सुधाकर मध्येच दारू सोडतो. शपथ घेतो, मनापासून घेतो. मग जुन्या ओळखीच्यांकडे कामासाठी जातो आणि पदरी अवहेलना घेऊन परततो, पुन्हा प्याल्याकडे. शंभर वर्षांपूर्वी गडकऱ्यांनी बरोबर ओळखलं होतं, की सोडलेल्या माणसाला पाडणारी जागा बहुतेक वेळा बाटलीत नसते. आपण लक्षात ठेवला तो तळीराम, ज्याच्या नावाने एकतीस डिसेंबरला वर्तमानपत्रं अजून मथळे देतात. फार्सातल्या झिंगलेल्या माणसाला हमखास हशा मिळतो. न पिणाऱ्या माणसाचा प्रवेश कुणाला लिहावासा वाटला नाही, त्यात हशा नाही हे खरंच आहे.

रंगमंचाबाहेरही तेच. डॉ. काशिनाथ घाणेकर हे तर आमच्या कोकणचे, ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मधले संभाजी, म्हणजे आमच्या उशाशी असलेल्या गडाचे. ते मार्च १९८६मध्ये दौऱ्यावर असताना अमरावतीत गेले. त्यांच्या पिण्याबद्दल मराठी माणसाला जे ठाऊक आहे, त्यातलं बरंचसं कांचन घाणेकरांच्या ‘नाथ हा माझा’मुळे, आणि २०१८च्या चित्रपटाने ते नव्या पिढीपर्यंत पोचवलं. पुस्तक धीराचं आहे, मला त्याबद्दल आदर आहे. पण बघा, सिंधूपासून आजपर्यंत दारूची गोष्ट आपल्याकडे बायकोने सांगायची, नाहीतर नट गेल्यावर दुसऱ्याने सांगायची. आणि ती सांगताना ‘केवढा मोठा कलावंत, आणि कसा प्यायचा!’ यातला ‘आणि’ हळूहळू ‘म्हणूनच’ होऊन जातो. आमच्या तालमीतल्या पोरांना पिण्याचं समर्थन म्हणून ही नावं तोंडपाठ आहेत.

त्याच १९८६च्या ऑगस्टमध्ये पुण्यात, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे पाठीशी होते. म्हणजे रंगभूमीवर ज्यांनी एवढं राज्य केलं त्या पु.लं.चा हात या कामाला पहिल्या दिवसापासून लागलेला आहे. तिथे बरी झालेली माणसंच पुढे दुसऱ्यांना सांभाळतात, आपली गोष्ट सांगतात. तुषार नातूंनी ‘नशायात्रा’त स्वतःची घसरण आणि सावरणं नावानिशी लिहिलं. तेव्हा मराठीत अशी गोष्ट सांगता येते हे सिद्ध झालेलं आहे. फक्त ज्यांचा चेहरा घरोघरी ठाऊक आहे, ते गप्प आहेत.

हिंदीवाले थोडे पुढे गेले. अभिनेत्री पूजा भट यांनी २०१६च्या डिसेंबरमध्ये दारू सोडली आणि तेव्हापासून त्या ते लपवत नाहीत. पुरुषाला प्यायची मोकळीक असते म्हणून सुटल्याचं सांगायचीही असते, बाईला दोन्ही चोरून करावं लागतं, अशा आशयाचं त्या बोलल्या होत्या. ते आमच्या खोऱ्यालाही लागू आहे, त्यावर इथे कोणी बोलत नाही. अमेरिकेत १९७८ साली बेटी फोर्ड यांनी, म्हणजे माजी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीने, आपल्याला दारूचं आणि औषधांचं व्यसन असल्याचं जाहीर केलं आणि चार वर्षांनी त्यांच्या नावाने उपचारकेंद्र उभं राहिलं.

आपल्याकडे काय होतं ते डिसेंबर २०२४मध्ये दिसलं. शिवाजी पार्कवर आचरेकर सरांच्या स्मारकाच्या कार्यक्रमातली क्रिकेटपटू विनोद कांबळींची चित्रफीत घरोघरी फिरली. हळहळ झाली, चेष्टाही झाली. त्यानंतर एका मुलाखतीत कांबळी स्वतः दारूबद्दल बोलले, उपचाराची तयारी दाखवली. ती मुलाखत आमच्या एसटी थांब्यावर कुणी कुणाला दाखवल्याचं मला आठवत नाही. पहिली चित्रफीत सगळ्यांनी दाखवली.

आता तुमच्या बाजूच्या अडचणी. नटाने असं सांगितलं की निर्माता दौरा देताना दहा वेळा विचार करील. सांगितल्यावर उद्या पाय घसरला तर लोक दुप्पट हसतील. शिवाय अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही १९३५पासूनची चळवळच मुळी निनावीपणावर उभी आहे. तिथला सभासद वर्तमानपत्रांत, पडद्यावर सभासद म्हणून नाव सांगत नाही, आणि त्यामागे पुरेसा विचार आहे. एक माणूस चळवळीचा चेहरा झाला आणि पडला, की चळवळच पडल्यासारखं होतं. हे सगळं मला मान्य आहे. म्हणून मी कुणाचं नाव सुचवत नाही आणि कुणी सुचवूही नये. ज्याला वाटेल त्यानेच यावं. मात्र जो येईल त्याचं पुढचं काम जाऊ नये, एवढी हमी परिषद निर्मात्यांशी बोलून देऊ शकते. सुधाकरला ती मिळाली नव्हती.

आणि सांगायचं कसं, याबद्दल थोडं बोलतो, कारण चुकीचं सांगितलं तर आमच्याकडे माणूस मरेल. ‘एका रात्रीत बाटली फेकून दिली, पुन्हा बघितली नाही’ हे टाळ्यांचं वाक्य आहे. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने ते ऐकून खरंच तसं केलं, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते, काहींना झटके येतात, भिंतीवर नसलेले किडे-माणसं दिसू लागतात. अशा वेळी घरचे म्हणतात, बाहेरचं काहीतरी लागलंय. मग देवऋषी, अंगारा, नाहीतर ‘थोडी पाजा, शांत होईल’. खरं तर ही वेळ दवाखान्यात काढायची असते. त्यावर औषधं आहेत, जीवनसत्त्वाची इंजेक्शनं आहेत, आणि डॉक्टरच्या देखरेखीखाली ते चार-पाच दिवस सुखरूप पार पडतात. तेव्हा नटाने आपल्या निग्रहाचं कौतुक सांगण्याआधी आपण कुठल्या वॉर्डात पडलो होतो ते सांगावं.

बाकी त्याने कंटाळवाणं तेवढंच सांगितलं तरी चालेल. प्रयोग संपल्यावर रात्री साडेअकराला हॉटेलच्या खोलीत एकटा असताना काय केलं. बसमध्ये मागच्या सीटवर दारूची मैफल रंगली तेव्हा कुठे बसला. पहिल्यांदा न घेता रंगमंचावर गेला तेव्हा वाक्यं आठवली का. पुन्हा घेतली असेल तर कधी, आणि परत कसा आला. पिण्याच्या दिवसांचे किस्से त्याने कमी सांगावेत. ते आमच्याकडे भरपूर आहेत आणि आमचे जास्त रंगतात. बायकोमुलांचं काही सांगायचं असेल तर त्यांना विचारून. ते त्यांचं आहे.

पाच नोव्हेंबरला तुम्ही रंगभूमी दिन साजरा करता. त्या दिवशी यशवंत नाट्यसंकुलात एक तास यासाठी काढावा, ही माझी पहिली विनंती. दुसरी विनंती त्या तासाला तिथेच न संपवण्याची. शिमग्याला आमच्याकडे रंगमंच उभा असतो, दिवे-माइक असतात, चाकरमानी आलेले असतात आणि बाटल्याही. याहून योग्य प्रेक्षक मिळणार नाही. नाटकाआधी अर्धा तास देऊ, नंतर नको, कारण नंतर निम्मे ऐकण्याच्या स्थितीत नसतात. वरंध घाटाचा भरवसा धरू नये, मुंबईहून महाडमार्गे यावं. राहायला घळीजवळ भक्तांसाठी सोय आहे, नाहीतर आमची घरं आहेत. मानधन आम्ही गोळा करू, थोडं असेल.

पत्रिका मुंबईत छापून येते, म्हणून नाव कसं घालायचं ते महिनाभर आधी कळवावं. नाव नको असेल तर ‘एक नट’ एवढंच छापू. आवाजावरून ओळखायचं ते लोक ओळखतील, आणि सकाळी विचारलं तर आम्ही कानावर हात ठेवू.

आपला,
शिवथर खोऱ्यातला एक हौशी रंगकर्मी