कर्व्यांच्या वाटेवर चालावयाचे कोठे?

डेक्कन जिमखान्याच्या खंडोजीबाबा चौकातून निघून, गरवारे महाविद्यालय, नळ स्टॉप, पौड फाटा ओलांडीत कोथरूडमार्गे वारज्याकडे जाणाऱ्या रस्त्यास महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव आहे. थोर पुरुषांची नावे रस्त्यांस देण्याची आपली हौस मोठी. परंतु त्या पुरुषाचा त्या रस्त्याशी काही संबंध असावा, असा आग्रह सहसा कोणी धरीत नाही. कर्वे रस्ता हा याला अपवाद. १९०० साली अण्णांनी आपल्या अनाथ बालिकाश्रमासाठी शहराबाहेर, हिंगण्याच्या माळावर झोपडी उभारली. स्वतः ते फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक. दिवसाचे अध्यापन आटोपले म्हणजे आश्रमास लागणारे सामानसुमान बरोबर घेऊन ते हिंगण्याची चारेक मैलांची वाट पायी तुडवीत. पावसाळ्यात चिखल, एरवी काटे. आज त्याच दिशेने जाणारा रस्ता रुंद व डांबरी झाला आहे, त्यावर दिवे आले आहेत, पूल आले आहेत, डोक्यावरून रेल्वे धावत आहे. नाहीसा होत चालला आहे तो एकटा पायी चालणारा.

रस्ता वाढला याबद्दल आमची तक्रार नाही. १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतर पेठांतील कित्येक कुटुंबांनी नदीपलीकडे बिऱ्हाडे हलविली. पुढे वाडे पाडून त्यांच्या जागी इमारती उठल्या आणि कोथरूडचे शेतमळे पाहता पाहता सोसायट्यांखाली गेले. हिंगण्याचे कर्वेनगर झाले. एवढ्या वस्तीचा भार प्रामुख्याने ज्या एका रस्त्यावर येऊन पडला, त्यावर वाहनांची गर्दी होणार नाही तर काय होईल? ज्यास वेळेवर कचेरी गाठावयाची आहे, त्याच्या दुचाकीस नावे ठेवण्यात अर्थ नाही.

तक्रार आहे ती उपायांच्या मागील विचाराबद्दल. नळ स्टॉपला कोंडी होते म्हणून महामेट्रोच्या मार्गाबरोबरच तेथे दुमजली पूल उभारण्यात आला आणि २०२२ साली तो खुला झाला. सर्वांत वर मेट्रो, मध्ये मोटारी, खाली पुन्हा मोटारी. बांधकाम म्हणून ते कौतुकास्पद आहे. परंतु पूल जेथे उतरतो तेथे रस्त्याची रुंदी काही वाढलेली नसते. एका चौकातील गर्दी उचलून ती पुढच्या चौकात नेऊन ठेवली जाते, इतकेच. मग त्या पुढच्या चौकासाठी नव्या पुलाची मागणी होते. याच भागातील गर्दी हटविण्यासाठी वेताळ टेकडीवरून बालभारती ते पौड फाटा असा रस्ता काढण्याची कल्पना मांडली गेली, तेव्हा एप्रिल २०२३ मध्ये नागरिकांना टेकडी वाचविण्यासाठी मोर्चा काढावा लागला. पूल पुरेना म्हणून टेकडी! टेकडीही पुरली नाही तर दृष्टी कोठे वळावयाची, हे कोणी सांगत नाही.

या साऱ्या खटाटोपात पदपथाची वाट काय लागली आहे, ती प्रत्यक्ष पाहावी. कोठे विजेची पेटी, कोठे दुकानाची पायरी, कोठे आडव्या लावलेल्या दुचाकी, कोठे उखडलेली फरशी. वृद्ध माणूस चार पावले पदपथावर टाकतो आणि पाचव्या पावलास रस्त्यावर उतरतो. एस्.एन्.डी.टी.समोर रस्ता ओलांडणाऱ्या मुलींकडे पाहिले, म्हणजे स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या पुरुषाच्या नावाचा हा रस्ता त्याच्याच विद्यापीठातील मुलींस ओलांडता येऊ नये, याचे वैषम्य वाटते. मेट्रोचे उतारू तरी स्थानकापर्यंत उडत येतात काय? वनाज ते गरवारे महाविद्यालय हा टप्पा ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाला. तेव्हापासून त्यातील प्रत्येक प्रवासी प्रवासाच्या निदान एका टोकास पादचारीच आहे. पदपथ मोडका असेल तर घरापासून स्थानकापर्यंत तो दुचाकीच काढील, आणि एकदा काढली की कचेरीपर्यंत नेईल.

नियमांची मात्र वाण नाही. पुणे महापालिकेने २०१६ साली पादचारी धोरण स्वीकारले. निर्वेध पदपथ किमान १.८ मीटर रुंद असावा, असा भारतीय रस्ते काँग्रेसचा दंडक आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळेविरहित पदपथ हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले. शिवाय २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिनही साजरा होऊ लागला. वर्षातून एक दिवस पायांचा, उरलेले चाकांचे, अशी ही वाटणी दिसते.

हे सारे आज लिहिण्याचे कारण असे की, नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नळ स्टॉप–वारजे–माणिकबाग या नव्या मेट्रोमार्गास मंजुरी दिली आहे. म्हणजे कर्वे रस्त्याच्या उरलेल्या भागातही खांब उभे राहावयाचे आहेत. मार्ग व्हावा, त्वरेने व्हावा. कर्वेनगर आणि वारज्याच्या रहिवाशांनी पुष्कळ वाट पाहिली आहे. परंतु आजवरची रीत अशी की, खांब आधी, मग गाड्यांच्या रांगा, आणि शिल्लक राहील तो पदपथ. या वेळी नकाशावर पहिली रेघ पदपथाची आखली जावी. स्थानकांचे जिने त्या रेघेच्या आत उतरू नयेत. आणि बांधकाम चालू असण्याच्या काळातही चालणाऱ्यासाठी सलग वाट राखण्याची अट कंत्राटातच घातली जावी. खांब एकदा उभा राहिला की तो बाजूला सरकत नाही, म्हणून हे आताच व्हावयास हवे.

हिंगण्याची ती झोपडी कर्व्यांच्या संस्थेने अद्याप जतन करून ठेवली आहे. नकाशावर सही करण्यापूर्वी महापालिका आयुक्तांनी व मेट्रोच्या अधिकाऱ्यांनी एखाद्या दिवशी सायंकाळी सहा वाजता डेक्कनहून निघून त्या झोपडीपर्यंत पायी जाऊन पाहावे. मोटार मागून आणू नये.