नराविना अंडी धरणारी मादी फायटर

मुलांच्या हट्टापायी अनेक घरांत काचेच्या टाकीत फायटर मासा येतो. याचे खरे नाव बेट्टा आणि मूळ घर थायलंड. तेथे त्याला ‘प्ला कट’ म्हणतात. झुपकेदार पंखांचा भडक मासा तो नर. मादी दिसायला साधी, आखूड पंखांची. अशी एकटी मादी महिन्या-दोन महिन्यांत पोट फुगवून बसते, आणि घरात चर्चा सुरू होते. मुले म्हणतात, आजारी पडली. मोठी माणसे हसून म्हणतात, हिला नवरा आणून द्या. आम्ही म्हणतो, दोन्ही घाई नको, आधी नीट पाहा.

कोंबडी कोंबड्याविना अंडी देते, हे आपल्याला ठाऊक आहे. बेट्टाचेही तसेच. मादी वयात आली, पाणी ऊबदार आणि खाणे पुरेसे असले की पोटात अंडी धरतात. नर नसल्याने ती फळत नाहीत, इतकेच. काही अंडी शरीरातच जिरतात. काही ती पाण्यात सोडते आणि बहुधा स्वतःच खाऊन टाकते. ती खाऊ द्यावीत, त्यात बिघाड काही नाही.

पोटाखाली एक बारीक पांढरा ठिपका दिसतो. तो अंडी बाहेर येण्याचा मार्ग. ठिपका दिसला म्हणजे पोट अंड्यांनी भरलेच, असे मात्र नाही. तो लहान मादीतही असतो.

मग ओळखायचे कसे? अंडी असतील तर पोट दोन्ही बाजूंनी सारखे गोल दिसते, मादी चपळ असते, खाण्यावर धावते. पोट फुगून ती तळाशी पडून राहिली किंवा तिरकी पोहू लागली, तर बहुधा खाणे जास्त झाले आहे. एक-दोन दिवस उपाशी ठेवावे. माशाला तेवढे सहज सोसते. पण वरून पाहताना खवले उभे राहून अंग फणसासारखे काटेरी दिसले, तर शरीरात पाणी साठले आहे. तो गंभीर आजार होय. तेव्हा तिला वेगळे ठेवावे आणि जाणकाराला विनाविलंब दाखवावे.

अंडी धरलेल्या मादीची निगा सोपी आहे. पाणी २५ ते २७ अंश सेल्सिअस असावे. थंडीत टाकी खिडकीपासून दूर ठेवावी. आठवड्याला पाव भाग पाणी बदलावे. नळाच्या पाण्यातला क्लोरीन औषधाने काढल्याशिवाय ते घालू नये. दाणे सकाळ-संध्याकाळ दोन-तीनच. शेजारच्या बरणीत नर असेल तर मध्ये पुठ्ठा लावावा. तो सारखा दिसत राहिला की ती पुन्हा पुन्हा अंडी धरते. देशी बदामाचे गळून सुकलेले, फवारणी न झालेले एक पान धुऊन टाकले तरी चालते. पाणी चहासारखे होते, पण माशाला ते मानवते.

दोन गोष्टी मात्र कदापि करू नयेत. एक, पोट दाबून अंडी काढणे. आतले अवयव फाटून ती मरेल. दुसरी, तयारीविना नर सोडणे. तो तिचे पंख फाडतो, आणि लहान टाकीत तिला पळायला जागाही नसते. जोडी जमली तरी अंड्यांची राखण नरच करतो आणि मादीला हाकलून लावतो. पुढे शेकडो पिल्ले निघू शकतात. मोठे झालेले नर एकत्र राहत नाहीत, प्रत्येकाला वेगळी बरणी लागते. एवढ्या बरण्या आपल्या कोणत्या ओट्यावर मांडणार?

कंटाळून मासा ओढ्यात सोडणेही बरे नव्हे. तो परदेशी जीव आहे.

घरातल्या मुली ही चर्चा कान देऊन ऐकत असतात. त्यांना सांगावे, ही मादी नराविना अधुरी नाही. स्वच्छ पाणी, बेताचे खाणे आणि शांत कोपरा मिळाला की ती सुखाने जगते. टाकीजवळ एक वही ठेवून रोजची नोंद मुलांकडूनच करून घ्या: आज खाल्ले का, पोट कसे दिसते, पाणी केव्हा बदलले. मुक्या जिवाला आपले दुखणे सांगता येत नाही. ते पाहणे ज्याने त्याला घरी आणले, त्याचेच काम.