शंकेला सोनोग्राफीचा उतारा नाही

मंगळवारी रात्री साडेदहाला वहिनीचा फोन आला. "भावजी, एक रिपोर्ट पाठवलाय. आत्ता बघता का?" मी डॉक्टर नाही हे तिला ठाऊक आहे, पण आरोग्यावर लिहितो म्हणून आमच्या घरातले सगळे रिपोर्ट आधी माझ्या फोनवर येतात. तिच्या सोसायटीच्या ग्रुपवर पंधरवड्यापूर्वी जाहिरात फिरली होती: संपूर्ण शरीर तपासणी, एकूण ७८ चाचण्या, आणि पंधरा जणींनी मिळून नावं नोंदवली तर मानेची सोनोग्राफी मोफत. वहिनीला कसलाही त्रास नव्हता. एकदा करून टाकू, मन निश्चिंत होईल, एवढाच हेतू. रिपोर्टात ओळ होती: थायरॉइडच्या उजव्या भागात ६ मिलिमीटरची गाठ, टीआय-रॅड्स ३, क्लिनिकली कोरिलेट करावे.

पुढचे तीन दिवस त्या घरात कोणी धड जेवलं नाही. शुक्रवारी तज्ज्ञांनी दोन मिनिटांत सांगितलं की, एवढ्याशा आणि अशा दिसणाऱ्या गाठीत सुईदेखील घालायची नसते, विसरून जा. शनिवारी मी गेलो तेव्हा वहिनी भाकऱ्या थापत होती. एक भाकरी तव्यावर टाकली की दुसऱ्या गोळ्याला हात लावण्याआधी तिची बोटं गळ्याकडे जायची. गळ्याच्या उजव्या बाजूला ज्वारीच्या पिठाचा पांढरा ठसा उमटला होता. "विसरू कशी? ती आहे ना तिथे," ती म्हणाली.

निश्चिंत होण्यासाठी केलेल्या तपासणीने घराची झोप उडवली. या विषयावर मी इथे मागे लिहिलं तेव्हा बरीच पत्रं आली होती. 'लवकर कळलेलं केव्हाही बरं, तुम्ही लोकांना तपासणीपासून मागे का खेचता?' असा त्यांचा सूर होता. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आज दोन ठिकाणच्या हकिकतींतून देतो. एक दक्षिण कोरिया, दुसरं आपलं बार्शी.

कोरियाने १९९९ साली कर्करोग तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यात थायरॉइड नव्हता. पण तपासणीला आलेल्या माणसाला रुग्णालयं विचारू लागली, थोडे पैसे जास्त भरा, मानेची सोनोग्राफीही करून देतो. खर्च साधारण ३० ते ५० डॉलर. लोकांनी हौसेने करून घेतली. २०११ सालापर्यंत थायरॉइड कर्करोगाच्या निदानाचं प्रमाण १९९३च्या १५ पट झालं. त्या एका वर्षात ४० हजारांहून अधिक माणसांना सांगण्यात आलं की, तुम्हाला कर्करोग आहे. आता दुसरा आकडा पाहा. या रोगाने तिथे वर्षाला मरणाऱ्यांची संख्या ४०० च्या आतच होती, आणि इतकी निदानं होऊनही मृत्युदर जागचा हलला नाही.

लवकर कळण्याने जीव वाचत असते, तर हा दर खाली यायला हवा होता. तो आला नाही, कारण सापडलेल्या गाठींपैकी बहुतेक गाठी कधीच कुणाला मारणार नव्हत्या. थायरॉइडचा पॅपिलरी प्रकारचा कर्करोग बारीक असताना वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो. फिनलंडमध्ये १९८५ साली इतर कारणांनी मेलेल्या माणसांच्या थायरॉइड ग्रंथी बारकाईने तपासल्या, तेव्हा तीनातल्या साधारण एकात असा कर्करोग सापडला होता. ती माणसं तो घेऊन जगली आणि वेगळ्याच कारणाने गेली.

कोरियात मात्र निदान झालेल्या जवळपास प्रत्येकाने उपचार घेतले. दोन तृतीयांश लोकांची पूर्ण ग्रंथी काढली गेली. म्हणजे जन्मभर सकाळी उपाशीपोटी गोळी. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सुमारे ११ टक्क्यांच्या शेजारच्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं काम बिघडलं आणि शरीरातल्या कॅल्शियमचा तोल गेला. सुमारे २ टक्क्यांच्या स्वरयंत्राची हालचाल गेली, आवाज घोगरा झाला. टक्का लहान दिसतो, पण तो हजारो माणसांचा आवाज आहे, आणि ती माणसं धडधाकट घरातून निघून धडधाकट दवाखान्यात पोचली होती. २०१४ साली तिथल्याच डॉक्टरांच्या एका गटाने जाहीर पत्र काढून ही तपासणी थांबवा म्हणून सांगितलं. वर्षभरात थायरॉइडच्या शस्त्रक्रिया सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झाल्या. मला त्या डॉक्टरांविषयी फार आदर वाटतो. स्वतःच्या व्यवसायाचं उत्पन्न घटवणारं सत्य ते उघड बोलले.

आता बार्शी. त्याच १९९९च्या सुमाराला सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाने टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेसोबत एक काम हाती घेतलं. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांचे ५२ गट पाडले. ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक निरोगी बायकांची नोंद केली. त्यांपैकी काही गटांत गर्भाशयमुखावरच्या पेशींचा नमुना घेऊन एचपीव्ही विषाणूची चाचणी केली, तीही आयुष्यात एकदाच. चाचणीत विषाणू आढळला, तर दुर्बिणीतून पाहायचं, गरज पडली तर तुकडा काढून तपासायचा, आणि कर्करोगाआधीची अवस्था दिसली तर तो भाग गोठवून किंवा काढून टाकायचा. आठ वर्षांनी मोजदाद झाली. चाचणी झालेल्या ३४,१२६ बायकांत या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले होते, आणि तुलनेच्या गटातल्या ३१,४८८ बायकांत ६४. मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. तुलनेच्या गटाची तपासणी केली नाही यावर पुढे टीका झाली, आणि ती टीका गंभीरपणे घ्यायलाच हवी. पण २००९ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष जगभर प्रमाण मानला गेला.

दोन्हीकडे निरोगी माणसांचीच तपासणी झाली. मग एकीकडे गळे कापले गेले आणि दुसरीकडे जीव वाचले, हे कसं? बार्शीत चाचणी करण्याआधीच तीन गोष्टी ठरलेल्या होत्या. काय शोधायचं, ते सापडलं तर काय करायचं, आणि तसं केल्याने रोग खरंच अडतो का. एचपीव्हीपासून कर्करोग व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षं लागतात, मधल्या काळात तो साध्या उपचाराने थांबवता येतो. शिवाय ज्या बायकांना 'विषाणू नाही' असं उत्तर मिळालं, त्यांच्यात पुढच्या आठ वर्षांत हा कर्करोग अगदी क्वचित झाला. त्या उत्तराने मिळालेली निश्चिंती खरी होती. कोरियात यंत्र आधी आलं आणि प्रश्न नंतर शोधला गेला. वहिनीच्या मानेवरून यंत्र फिरलं तेही तसंच. कुणीही काही विचारलं नव्हतं, फक्त ते मोफत होतं.

'पण रिपोर्ट नॉर्मल आला तर भीती जातेच ना?' असंही वाचक विचारतात. जाते, पण टिकत नाही. लंडनमध्ये रोज डोकं दुखणाऱ्या १५० रुग्णांवर अभ्यास झाला. निम्म्यांना मेंदूचा एमआरआय देऊ केला, निम्म्यांना नाही. तीन महिन्यांनी एमआरआयवाल्यांची काळजी कमी होती. वर्षाने दोन्ही गट सारखेच काळजीत होते. फार अस्वस्थ असलेल्यांचा पुढचा वैद्यकीय खर्च मात्र स्कॅनमुळे कमी झाला, हेही सांगायला हवं. पण असे १४ अभ्यास एकत्र करून २०१३ साली जो आढावा निघाला, त्याचाही सूर हाच होता की, गंभीर आजाराची शक्यता मुळातच कमी असताना केलेली तपासणी मनाला फारसा धीर देत नाही. धास्ती मनात असते. तिला यंत्राने 'काही नाही' म्हटलं की ती पुढच्या अवयवाकडे सरकते.

इथे मी माझ्या नेहमीच्या मुद्द्यावर येतो, आणि जुन्या वाचकांना तो पाठ असेल. आपण फॅमिली डॉक्टर गमावला, त्या जागी पॅकेज आलं. ज्या डॉक्टरला तुमच्या वडिलांचा रक्तदाब आणि आजीचा मधुमेह ठाऊक होता, तो नाडी बघून, चार प्रश्न विचारून म्हणायचा, 'तुला काही झालेलं नाही, जा.' त्या वाक्यावर माणसं रात्री झोपायची. ७८ आकड्यांचा कागद तसं म्हणू शकत नाही. त्यातले दोन-चार आकडे ठळक अक्षरांत येणारच, कारण 'नॉर्मल'ची रेघच अशी आखलेली असते की, शंभरातली पाच निरोगी माणसं प्रत्येक चाचणीत तिच्या बाहेर पडतात. ७८ चाचण्यांत सगळं काही रेघेच्या आत असणारा माणूस दुर्मीळ. हे समजावून सांगायला कुणी बसलेलं नसेल, तर तो कागद लोकांच्या हाती देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तपासणी नकोच, असं मी म्हणत नाही. तिशीपुढच्या प्रत्येकाने रक्तदाब मोजावा, साखर तपासावी. सरकारी कार्यक्रमात या दोन्हींसोबत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी आहे, आणि ती आरोग्य केंद्रात होते. पण २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या स्त्रिया अवघ्या १.९ टक्के आहेत. बार्शीने जगाला जे सिद्ध करून दाखवलं, ते आपल्याच घरातल्या बायकांपर्यंत पोचलेलं नाही.

शनिवारी निघताना मी वहिनीकडून तिच्या पॅकेजची यादी मागून घेतली आणि वरपासून खालपर्यंत वाचली. वहिनी ४६ वर्षांची आहे. ७८ चाचण्यांत गर्भाशयमुखाची तपासणी नव्हती, आणि तिने ती आजवर कधी केलेली नाही. पुढच्या गुरुवारी ती त्यासाठी जाणार आहे. तुमच्या घरातल्या बाईला आज एवढंच विचारा, तुझी ही तपासणी झाली आहे का?